ताल व कालविभाजन

संगीतातील काळ समान अंशांत मोजून, त्या अंशांचे गट पाडून व ते गट आवर्तनाने पुन:पुन्हा योजून जी रचना सिद्ध होते, तिला भारतीय संगीतात ‘ताल’ म्हणतात. मात्रा हे तिचे मोजण्याचे एकक, विभाग हा मात्रांचा गट व आवर्तन ही विभागांची पूर्ण फेरी होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या ‘सिक्वेन्सर’ या यंत्रातही काळाची अशीच तीन पातळ्यांवर विभागणी केलेली असते : स्पंद, पायरी व ठोका. या दोन पद्धतींत वरवर मोठे साम्य दिसते. तथापि मोजलेल्या काळाला संगीतात कोणता अर्थ द्यावयाचा, या बाबतीत त्या परस्परांहून भिन्न आहेत. भारतीय तालशास्त्राचा सर्वांत सविस्तर मध्ययुगीन ग्रंथ सध्याच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात, यादवांच्या देवगिरी या राजधानीत रचला गेला. त्यामुळे कालविभाजनाच्या इतिहासात या स्थळाला विशेष महत्त्व आहे.

देवगिरी व शार्ङ्गदेव : संभाजीनगरच्या वायव्येस सु. १५ किमी. वर देवगिरीचा (दौलताबादचा) किल्ला आहे. यादव राजा दुसरा सिंघण (कार. सु. १२१०–४७) याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा संस्कृत ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर हा दक्षिणेत आला व पिता सोढल याने यादवांची सेवा पतकरली. हा भास्कर म्हणजे लीलावतीकर्ता भास्कराचार्य नव्हे. स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणजे श्रीकरणाधिप होता. वैद्यक व अध्यात्म या विषयांतही त्याचा अधिकार होता. ग्रंथात तो स्वतःचा उल्लेख ‘निःशंक’ या नावाने करतो.

संगीतरत्नाकराचे सात अध्याय असून त्यांत स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नर्तन हे विषय अनुक्रमे आले आहेत. पाचवा तालाध्याय होय. गीत, वाद्य व नृत्त ही तिन्ही ज्यावर प्रतिष्ठित होतात तो ताल, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे ताल ही गाण्याला बाहेरून लावलेली मोजपट्टी नसून गाणे ज्यावर उभे राहते तो पाया आहे. या भेदाचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

कालाची एकके : शार्ङ्गदेवाने मार्गतालांसाठी मात्रेचे मान पाच लघु अक्षरे उच्चारण्यास लागणारा काळ असे दिले आहे. घटिकायंत्रावर अवलंबून नसलेले हे माप मानवी वाणीवर आधारलेले आहे. या मानाने लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा व प्लुत तीन मात्रांचा होतो. देशी तालांत अर्ध्या मात्रेचा द्रुत येतो. शिवाय ‘विराम’ या चिन्हाने मूळ एककात त्याच्या निम्म्याइतकी भर पडते. त्यामुळे विरामयुक्त द्रुत पाऊण मात्रेचा व विरामयुक्त लघू दीड मात्रेचा होतो. नंतरच्या ग्रंथकारांनी पाव मात्रेचा अणुद्रुतही मानला.

मार्गताल पाच आहेत : चच्चत्पुट, चाचपुट, षट्पितापुत्रक, संपक्वेष्टाक व उद्घट्ट. यांतील काही नावांतच तालाची मांडणी साठविलेली आहे. चच्चत्पुट या नावातील अक्षरे गुरू, गुरू, लघू व प्लुत या क्रमाने येतात; म्हणजे २ + २ + १ + ३ मिळून आठ मात्रा होतात. चाचपुटात गुरू, लघू, लघू, गुरू अशा सहा मात्रा होतात. षट्पितापुत्रकाच्या बारा मात्रा ३ + १ + २ + २ + १ + ३ अशा असून हा क्रम उजवीकडून वाचला तरी तोच राहतो. नाव पाठ झाले की ताल पाठ झाला, अशी ही योजना होती. हस्तलिखिते दुर्मिळ असण्याच्या व शिक्षण मौखिक असण्याच्या काळात तिचा उपयोग उघड आहे.

देशी तालांची संख्या शार्ङ्गदेवाने १२० दिली असून प्रत्येकाची लघु-गुरू मांडणी नोंदविली आहे. त्यांचे विभाग एकसारखे नसतात. समान लांबीच्या विभागांनी भरलेले आवर्तन हा त्यांपैकी अनेकांचा स्वभावच नव्हे. लहानमोठ्या कालखंडांची विशिष्ट ओळ हेच त्यांचे रूप होय.

सशब्द व निःशब्द क्रिया : काळ हाताने दाखविण्याच्या कृतीला क्रिया म्हणतात. ध्रुव, शम्या, ताल व संनिपात या चार क्रिया सशब्द आहेत. त्यांत अनुक्रमे चुटकी, उजव्या हाताचा आघात, डाव्या हाताचा आघात व दोन्ही हातांचा आघात येतो. आवाप, निष्क्राम, विक्षेप व प्रवेश या चार क्रिया निःशब्द असून त्यांत बोटे मिटणे, पसरणे, हात बाजूस नेणे व परत आणणे या हालचालींनी काळ दाखविला जातो. आवाज नसलेल्या काळालाही येथे नाव आहे, हाताची ठराविक हालचाल आहे व तालातील निश्चित जागा आहे. आजच्या हिंदुस्थानी संगीतातील टाळी व खाली या कल्पनांमागे हीच विचारपरंपरा आहे.

लयीचे द्रुत, मध्य व विलंबित असे तीन भेद असून प्रत्येक पुढचा भेद आधीच्याच्या दुप्पट कालाचा असतो. एका कलेत किती मात्रा धरावयाच्या यावरून ध्रुव, चित्र, वार्तिक व दक्षिण हे चार मार्ग होतात. त्यांत अनुक्रमे १, २, ४ व ८ मात्रा येतात. तीच मांडणी अधिक विस्तृत काळावर पसरण्याची ही सोय होय.

प्रस्तार : तालाध्यायाचा सर्वांत गणिती भाग म्हणजे प्रस्तार. ठराविक काळ द्रुत, लघू, गुरू व प्लुत यांनी किती प्रकारे भरता येईल, हा त्यातील प्रश्न आहे. द्रुत हे एक माप धरल्यास लघू दोन, गुरू चार व प्लुत सहा मापांचा होतो. चार मापांचा काळ सहा प्रकारे भरतो : एक गुरू, दोन लघू, दोन द्रुत व शेवटी लघू, द्रुत, लघू, द्रुत, आरंभी लघू व नंतर दोन द्रुत, आणि चार द्रुत. एक ते आठ मापांसाठी येणाऱ्या संख्या अनुक्रमे १, २, ३, ६, १०, १९, ३३ व ६० अशा आहेत. पुढची संख्या काढण्यासाठी मागे मोजत गेल्यास येणारी पहिली, दुसरी, चौथी व सहावी संख्या मिळवावयाची असते, उदा., ३३ + १९ + ६ + २ = ६०.

प्रस्तारातील क्रमांकावरून मांडणी शोधण्याच्या रीतीला ‘नष्ट’ व मांडणीवरून क्रमांक शोधण्याच्या रीतीला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. छंदःशास्त्रात अशी गणना पूर्वीपासून होती व भास्कराचार्यानेही तिचा विचार केला होता. त्याचा नातू चांगदेव हा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी असून त्याने खानदेशातील पाटण येथे सिद्धांतशिरोमणीच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. गणित व संगीत या दोन्ही शास्त्रांना एकाच राजसत्तेचा आश्रय होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

सोळा पायऱ्यांच्या सिक्वेन्सरवर एका वाद्याचा आघात प्रत्येक पायरीवर ठेवावा किंवा न ठेवावा, असे दोनच पर्याय धरल्यास ६५,५३६ मांडण्या होतात. शार्ङ्गदेवाचा प्रश्न याच जातीचा आहे. मात्र त्याने आघातांच्या जागा मोजल्या नाहीत. एका आघातापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेले कालखंड मोजले.

देवगिरीचा अस्त व ग्रंथाचा प्रवास : अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली. सु. १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपुष्टात आली व १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी येथे हलवून गावास दौलताबाद हे नाव दिले. आश्रयदाते राजकुल नाहीसे झाले, तरी ग्रंथ टिकला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने व पंधराव्या शतकात विजयानगरच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. पुढे हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही संगीतपद्धतींच्या शास्त्रकारांनी तो प्रमाण मानला. पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली १८९६-९७ मध्ये कल्लिनाथाच्या टीकेसह तो छापला.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र १२० देशी तालांची परंपरा खंडित झाली. त्यांच्या मात्रा ग्रंथात सापडतात. पण त्यांवर कोणते बोल वाजत, भर कोठे पडे, गायक कोणत्या जागी विसावे, हे केवळ लघु-गुरूंच्या चिन्हांवरून कळत नाही. हिंदुस्थानी संगीतात पुढे ठेक्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात तबल्याच्या किंवा पखवाजाच्या ठराविक बोलांवरून ताल ओळखला जातो. एकताल व चौताल या दोहोंच्या मात्रा बाराच. पण ठेका भिन्न असल्याने ते दोन स्वतंत्र ताल ठरतात.

स्वरलेखन : काळाची मांडणी कागदावर आणण्याचा आधुनिक प्रयत्न महाराष्ट्रात विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) व विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी केला. पलुसकरांनी एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांसाठी निरनिराळी चिन्हे योजली. भातखंड्यांनी प्रत्येक मात्रेस ओळीत स्वतंत्र जागा दिली, एका मात्रेत येणारे स्वर खालच्या कमानीने जोडले, विभाग उभ्या रेषांनी वेगळे केले आणि सम, टाळी व खाली यांसाठी खुणा ठेवल्या. शाळा व विद्यालयांतून संगीत शिकविणे त्यामुळे शक्य झाले. समान रकान्यांत भरलेला काळ वाचण्याची सवय मराठी वाचकांस यंत्र येण्यापूर्वी अशा रीतीने लागली होती.

यांत्रिक परंपरा : क्रमाने आघात करणारी यंत्रे प्राचीन आहेत. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी खुंट्या बसविलेल्या फिरत्या दंडगोलावर चालणाऱ्या स्वयंवादी वाद्याचे वर्णन केले. शार्ङ्गदेवाच्या काही वर्षे आधी, १२०६ मध्ये, अल्-जझरीने आपल्या ग्रंथात पाण्याच्या जोरावर वाद्ये वाजविणाऱ्या यांत्रिक पुतळ्यांची रचना दिली. यूरोपात हीच कल्पना मनोऱ्यांतील घंटांना व अठराव्या शतकाच्या अखेरीस संगीतपेटीला लागू झाली. दंडगोलाचा घेर हे आवर्तन व खुंटीची जागा हा क्षण, असे या यंत्रांचे तत्त्व आहे.

देशी तालांचा विसाव्या शतकातील सर्वांत अनपेक्षित उपयोग फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेस्यां (१९०८–९२) याने केला. झोआनी ग्रोसे या अभ्यासकाने लाव्हिन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशासाठी लिहिलेल्या लेखात शार्ङ्गदेवाच्या १२० तालांची यादी दिली होती. ती मेस्यांच्या वाचनात आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धबंदी छावणीत असताना त्याने चार वाद्यांसाठी रचलेली कृती १५ जानेवारी १९४१ रोजी गर्लिट्स येथील छावणीत सादर झाली. तिच्या पहिल्या भागात पियानोसाठी रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन देशी तालांपासून केलेली १७ कालखंडांची ओळ २९ स्वरसंघांच्या ओळीबरोबर फिरत राहते. या दोन्ही ओळी एकाच वेळी पुन्हा आरंभापाशी येण्यास १७ × २९ = ४९३ कालखंड लागतात. भिन्न लांबीची आवर्तने एकत्र फिरविण्याची ही कल्पना पुढे सिक्वेन्सरवर सर्रास वापरली गेली. यादी मेस्यांपर्यंत पोहोचली ती केवळ संख्यांच्या रूपाने. क्रिया व वादन त्याला उपलब्ध नव्हते. संख्यांतून त्याने स्वतःचे नवे संगीत उभे केले.

सिक्वेन्सरमधील कालविभाग : विद्युत् दाबाच्या पायऱ्यांनी स्वर क्रमाने वाजविणारी उपकरणे १९६०च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८० मधील टीआर-८०८ या तालयंत्रात सोळा कळांची एक ओळ असून प्रत्येक कळ एका पायरीची होती. सामान्यतः चार पायऱ्यांचा एक ठोका व चार ठोक्यांचे एक आवर्तन धरले जाते. पायरीच्याही आत यंत्राचे घड्याळ चालते. एका ठोक्यात २४ स्पंद हे मान या यंत्रांत होते व १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या मिडी या सर्वसामान्य संकेतानेही तेच घेतले. मिनिटास १२० ठोके अशी लय असल्यास ठोका ०·५ सेकंदाचा, पायरी ०·१२५ सेकंदाची व स्पंद सु. ०·०२१ सेकंदाचा होतो. एका पायरीत सहा स्पंद मावतात.

भारतीय संगीताशी या यंत्रांचा उल्लेखनीय संयोग मुंबईत झाला. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ व त्याच कंपनीची अन्य उपकरणे वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. यंत्राच्या अखंड चार ठोक्यांवर रागांचे स्वर मांडलेली ही ध्वनिमुद्रिका त्यावेळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर तिच्याकडे लक्ष वेधले गेले. दुसऱ्या बाजूस बंगळूरूच्या रडेल या कंपनीच्या ‘तालमाला’सारख्या उपकरणांनी यंत्रालाच ठेका शिकविला व ती विद्यार्थ्यांच्या रियाजात रूढ झाली.

पायरी व मात्रा : त्रितालाच्या सोळा मात्रा व यंत्राच्या सोळा पायऱ्या यांची सांगड सहज घातली जाते, पण त्या एक नव्हेत. पायरी हा ठोक्याचा चौथा हिस्सा आहे, तर मात्रा स्वतःच ठोका आहे. सोळा पायऱ्यांत चार ठोके येतात; त्रितालाच्या आवर्तनात सोळा. झपतालासाठी पायऱ्या दहापर्यंत मर्यादित करता येतात. पण २–३–२–३ हे विभाग यंत्र आपण होऊन ओळखत नाही, ते वादकाला आवाजाच्या भेदाने दाखवावे लागतात. सोळा व दहा पायऱ्यांच्या दोन ओळी एकत्र चालविल्यास त्या ८० पायऱ्यांनी समेवर भेटतात.

दुसरा भेद विभाज्यतेचा आहे. २४ या संख्येस २, ३, ४, ६ व ८ यांनी भाग जातो. ५ व ७ यांनी जात नाही. त्यामुळे ठोक्याचे पाच किंवा सात समान भाग केल्यास ते स्पंदांच्या जागी पडत नाहीत. शार्ङ्गदेवाची मात्रा पाच लघु अक्षरांची असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तिस्र, चतुरस्र, खंड, मिश्र व संकीर्ण या पाचही जातींचे, म्हणजे ३, ४, ५, ७ व ९ भाग अचूक पाडावयाचे असल्यास एका ठोक्यात किमान १,२६० स्पंद लागतात. आधुनिक उपकरणांना एवढी सूक्ष्मता अशक्य नाही. २४ हे मान मात्र ज्या संगीताच्या गरजांतून ठरले त्यात पाचाला व साताला विशेष स्थान नव्हते.

तिसरा भेद रिकाम्या जागेचा आहे. यंत्रातील रिकामी पायरी म्हणजे आघाताचा अभाव. त्रितालाची नववी मात्रा खाली आहे, परंतु ती रिकामी नाही. त्या विभागात डग्ग्याचा नाद बहुतांशी थांबतो, तबला वाजत राहतो आणि समेची दिशा ऐकणाऱ्यास कळते. तिहाईचे गणितही या दिशेवर उभे असते. त्रितालात समेपासून पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा सोडून घेतल्यास १७ मात्रा होतात व अखेरचा आघात पुढील समेवर पडतो. ही बेरीज यंत्र बिनचूक करते. श्रोत्याला आनंद होतो तो मात्र समेची वाट पाहिल्यामुळे. शिवाय ख्यालगायनात लय हळूहळू वाढते, विलंबित एकतालात एक मात्रा काही सेकंदांची असू शकते आणि गायक व तबलजी ती परस्परांचे ऐकून सांभाळतात. एकाच वेगाने चालणाऱ्या घड्याळात ही देवघेव नसते.

समारोप : देशी तालांच्या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कालविभाग लेखनात, खुंट्यांत किंवा विद्युत् स्मृतीत सुरक्षित राहू शकतात. त्यांचे वादन परंपरेनेच टिकते. देवगिरीच्या तालांची मापे सातशे वर्षांनंतर बिनचूक वाचता येतात. तरी त्यांचा ठेका आज कोणी निश्चयाने सांगू शकत नाही. उलट ज्या तालांचे बोल गुरूकडून शिष्याकडे अखंड गेले, ते यंत्रात घातल्यावरही ओळखू येतात. त्यामुळे सिक्वेन्सरसारख्या साधनांचा उपयोग मोजणी पक्की करण्यास, अवघड प्रमाणे ऐकून पाहण्यास व लुप्त मांडण्यांची तुलना करण्यास होऊ शकतो. वादनपरंपरेची जागा ती घेऊ शकत नाहीत. संभाजीनगरमधील महागामी या संगीत-नृत्याच्या गुरुकुलाने शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह सुरू करून या ग्रंथाची स्मृती त्याच्या जन्मभूमीत जागी ठेवली आहे. तालाध्यायातील मांडण्या प्रत्यक्ष वाजवून पाहण्याचे काम अशा ठिकाणी, ग्रंथ, वादक व यंत्र या तिघांच्या साह्याने अधिक पद्धतशीरपणे होऊ शकेल.